दऱ्या, दर्या आणि जुन्या फायली : नव्या सॉफ्टवेअरने जुने किती सांभाळावे?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी घरांत आणि संस्थांत आज संगणकावरचा दोन पिढ्यांचा मजकूर आहे. पहिली पिढी डीटीपीच्या काळातली. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, वाचनालयांच्या पुस्तकयाद्या, साहित्य संमेलनांची निमंत्रणे, जमाखर्चाचे अहवाल हे सारे त्या वेळी श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप झाले. दुसरी पिढी युनिकोडची, म्हणजे आज आपण मोबाईलवर लिहितो त्या मराठीची.

पहिल्या पिढीची फाईल आजच्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. दुसऱ्या पिढीची फाईल नीट उघडते, पण तिच्यातही कधी समोर दिसणारा शब्द शोधून सापडत नाही, तर कधी ‘अ’च्या पुढे ठिपक्यांचे गोल वर्तुळ उमटते. मंडळाच्या संकेतस्थळावर जुना मजकूर चढवताना आम्हाला हे प्रश्न वारंवार भेटतात. सभासदही विचारतात, संगणक नवा आणि चांगला झाला, मग कालपर्यंत चालणारे आज का बिघडते?

या प्रश्नामागे सॉफ्टवेअर घडवणाऱ्या लोकांमधला एक जुना वाद आहे. तो आपल्या मराठी अक्षरांपर्यंत कसा येऊन पोचला आहे, हे या लेखात सोप्या शब्दांत मांडत आहोत.

जुन्याशी सुसंगती म्हणजे काय

सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली तरी जुन्या आवृत्तीत केलेले काम तिच्यात तसेच चालले पाहिजे, या गुणाला संगणकवाले ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ म्हणतात. आपण त्याला जुन्याशी सुसंगती म्हणू.

आपल्या वडीलधाऱ्यांनी असा एक बदल बाजारात अनुभवला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होते, नंतर रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. सरकारने जुनी नाणी एका रात्रीत रद्द केली नाहीत. आणे आणि नवे पैसे काही वर्षे शेजारी शेजारी चालले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, हा हिशेब दुकानदाराला आणि गिऱ्हाईकाला दोघांनाही त्रासाचा होता, पण कोणाच्या गाठीचे नाणे मातीमोल झाले नाही. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळून नुसते ‘पैसे’ राहिले. बदल झाला, तो कायमचा झाला, पण जुने धरून बसलेल्या माणसाला वेळ मिळाला.

सॉफ्टवेअरमधला वाद नेमका याच मुद्द्यांवर असतो. जुने किती दिवस चालवायचे? ते चालवण्याचा भार कोणी उचलायचा? आणि जुनी पद्धत मुळातच चुकीची असेल तर?

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये हा वाद जास्त का पेटतो

कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असा निर्णय कंपनी घेते आणि आपल्याला कळवते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ज्याला ओपन सोर्स म्हणतात त्यात, मूळ संहिता सर्वांसाठी खुली असते. लिहिणारे अनेक देशांत विखुरलेले असतात. काही पगारी असतात, बरेच जण नोकरीधंदा सांभाळून उरलेल्या वेळात काम करतात. निर्णय चर्चेतून होतात आणि चर्चा सर्वांसमोर होते.

अशा चर्चेत दोन बाजू ठरलेल्या दिसतात. एका बाजूला सॉफ्टवेअर सांभाळणारे. त्यांचे म्हणणे असे की प्रत्येक जुनी पद्धत जिवंत ठेवायची तर संहितेचा गुंता वाढतो, चुका वाढतात, नव्या माणसाला काम समजेनासे होते. आणि हे सांभाळायला आम्ही मोजकीच माणसे. दुसऱ्या बाजूला वापरणारे. त्यांचे म्हणणे असे की आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवून वर्षानुवर्षांचे काम तुमच्या पद्धतीत केले, आता ते पुन्हा करायला आम्हाला ना वेळ आहे ना पैसा.

दोन्ही म्हणणी खरी आहेत, म्हणूनच वाद मिटत नाही. त्यात आणखी एक अडचण असते. वापरणारे पुष्कळ झाले की सॉफ्टवेअरची प्रत्येक लकब, अगदी त्यातली चूकसुद्धा, कोणाच्या तरी कामाचा आधार बनते. मग चूक सुधारली तरी कोणाचे तरी काम बिघडते.

मतभेद फारच टोकाला गेले तर मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एक वाट असते. संहिता खुली असल्यामुळे नाराज मंडळी तिची प्रत घेऊन वेगळी चूल मांडू शकतात. २०११ मध्ये लिनक्सवरच्या ग्नोम या पडद्याची तिसरी आवृत्ती आली आणि तिचे रूप पार बदलले. ज्यांना जुनेच रूप हवे होते त्यांनी दुसऱ्या आवृत्तीची संहिता घेऊन ‘माटे’ या नावाने ती पुढे चालवली. पण वेगळी चूल मांडली की माणसे विभागतात आणि दोन्हीकडचे मनुष्यबळ कमी होते, हेही खरे.

दोन टोकांची दोन उदाहरणे

लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, नियम कडक आहे. १९९१ मध्ये लिनक्स सुरू करणारे लायनस टॉरवाल्ड्स यांनी तो वारंवार बजावला आहे. कर्नलची नवी आवृत्ती आल्यामुळे लोकांचा चालू प्रोग्रॅम बंद पडला, तर दोष कर्नलचा धरायचा आणि बदल मागे घ्यायचा. मात्र कर्नलच्या आतल्या भागांचे एकमेकांशी असलेले व्यवहार केव्हाही बदलू शकतात, त्यांची कोणतीही हमी नाही. म्हणजे घराचा दरवाजा जिथे आहे तिथेच राहील, आतल्या भिंती हलतील. पाहुण्याला त्रास नाही, पण आतल्या भिंतीला खुंटी ठोकून बसलेल्या बाहेरच्या माणसाला आहे. मूळ लिनक्सच्या बाहेर राहून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना म्हणूनच सतत जुळवून घ्यावे लागते.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेने दुसरा रस्ता घेतला. ३ डिसेंबर २००८ रोजी पायथॉनची तिसरी आवृत्ती आली. ती जाणूनबुजून दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगत ठेवलेली नव्हती. याचे एक मोठे कारण आपल्यासारख्या भाषांशी संबंधित होते. पायथॉन २ मध्ये साधा मजकूर म्हणजे नुसते बाइट. त्यात साध्या पद्धतीने ‘बेळगाव’ लिहून लांबी विचारली तर उत्तर १८ येते, कारण युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट घेते. पायथॉन ३ मध्ये उत्तर ६ येते : ब, एकाराची मात्रा, ळ, ग, काना, व. इंग्रजी लिहिणाऱ्याला हा फरक जाणवतही नव्हता, कारण त्याचे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. मराठी, कानडी, जपानी लिहिणाऱ्याचा मजकूर मात्र मधेच तुटत होता.

म्हणजे बदल योग्य कारणासाठी होता. तरीही जगभरचे असंख्य प्रोग्रॅम पायथॉन २ मध्ये लिहिलेले होते आणि ते आपोआप तिसऱ्यात येत नव्हते. पायथॉन २ चा आधार आधी २०१५ मध्ये बंद होणार होता. २०१४ मध्ये ती मुदत वाढवून १ जानेवारी २०२० करावी लागली. अकरा वर्षे दोन पायथॉन एकत्र नांदले. मधल्या काळात मागे येऊन तडजोडही झाली. युनिकोड मजकुरासमोर ‘यू’ अक्षर लावण्याची जुनी पद्धत तिसऱ्या आवृत्तीतून काढून टाकली होती. ती २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत परत आणली, कारण तिच्यावाचून एकच संहिता दोन्हींत चालवणे फार कठीण जात होते.

आपला आडवा ‘र’

आता आपल्या अक्षरांकडे येऊ. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ बोलावले तर प्रवचन होईल, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर जेवण होईल. पहिल्यात ‘य’वर रफार आहे, दुसऱ्यात ‘य’च्या आधी आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’ आहे. भाकऱ्या, सुपाऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा, कुऱ्हाड हे शब्द आपण रोज लिहितो. हिंदीत हा आडवा ‘र’ नाही. तो मराठीचा, आणि नेपाळमधल्या नेवारीसारख्या थोड्या भाषांचा आहे.

युनिकोड हे स्वतः सॉफ्टवेअर नाही. कोणत्या चिन्हाला कोणता क्रमांक, हे ठरवणारे ते जागतिक मानक आहे आणि सगळे सॉफ्टवेअर, मुक्त असो वा विकतचे, त्यावर उभे आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. देवनागरीची मांडणी आपल्याकडच्या ‘इस्की’ या भारतीय मानकावरून घेतलेली होती.

आडव्या ‘र’साठी युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत अशी रीत होती : साधा ‘र’, मग हलन्ताचे चिन्ह, मग एक अदृश्य जोडचिन्ह. हे जोडचिन्ह पडद्यावर दिसत नाही. शेजारचे अक्षर अर्ध्या रूपात दाखवायचे, एवढेच ते सांगते. पुढे इस्कीशी मेळ घालत दुसरी रीत आली : ज्याच्याखाली टिंब आहे तो ‘ऱ’, म्हणजे ०९३१ क्रमांकाचे चिन्ह, आणि त्याला हलन्त. यात अदृश्य काहीही नाही.

या ‘ऱ’ची गोष्टही आपल्या भागाला शोभणारी आहे. देवनागरीत तो ठेवला होता तो दक्षिणेकडच्या द्राविड भाषांतला कडक ‘र’ लिहिण्यासाठी. दक्षिणेच्या उच्चारासाठी राखलेले अक्षर मराठीच्या दऱ्याखोऱ्यांना उपयोगी पडले.

आता दोन पक्ष पाहा. पहिल्या रीतीच्या बाजूने व्याकरणाचा मुद्दा आहे. ‘दरी’मधला ‘र’ साधाच आहे. अनेकवचन करताना त्याचे अक्षरच बदलायचे, हे मनाला पटत नाही. शिवाय पहिल्या रीतीने लिहिलेला मजकूर जगात आधीच तयार झाला होता. दुसऱ्या रीतीच्या बाजूने व्यवहाराचा मुद्दा आहे. अदृश्य चिन्ह वाटेत गळते. मजकूर इकडून तिकडे नेताना, साफसफाई करताना अनेक प्रोग्रॅम अशी चिन्हे निरुपयोगी समजून काढून टाकतात. संकेतस्थळांच्या भारतीय भाषांतल्या पत्त्यांसाठीच्या जुन्या नियमांतही ती गाळली जात होती. २०१० च्या सुधारित नियमांत हलन्तानंतर त्यांना जागा मिळाली. मराठीत ते चिन्ह गळाले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात. शब्द चुकल्याचे कळतही नाही, कारण चुकलेला शब्दही शुद्ध असतो.

युनिकोडने काय केले? नवी रीत मुख्य मानली आणि जुनी रीत सुसंगतीसाठी म्हणून नियमांत कायम ठेवली. त्या नियमात दुसऱ्या आवृत्तीचा उल्लेख करून तसे स्पष्ट लिहिले आहे. म्हणून आज दोन्ही रीतींनी लिहिलेला ‘दऱ्या’ चांगल्या फॉन्टमध्ये अगदी सारखा दिसतो. जुना मजकूर वाचला. पण संगणकाच्या लेखी हे दोन वेगळे शब्द आहेत. एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधला तर, शोधणाऱ्या प्रोग्रॅमला हे नाते शिकवलेले नसल्यास, तो सापडत नाही. जुन्याला वाचवण्याची किंमत अशी शोधताना चुकवावी लागते.

‘ॲ’ आणि ठिपक्यांचे वर्तुळ

दुसरे उदाहरण आणखी अलीकडचे. ‘ॲप’, ‘ॲडमिशन’, ‘ॲल्युमिनियम’ या शब्दांतला ‘ॲ’ मराठीला हवा होता, पण युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून तो २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत आला. त्याचा क्रमांक ०९७२. तोपर्यंत लोकांनी काय करायचे? त्यांनी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र ठेवला. काहींनी ते नीट दिसावे म्हणून मधे तेच अदृश्य जोडचिन्ह घातले. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. तिथल्या लेखांच्या शीर्षकांतही दोन्ही प्रकारचा ‘ॲ’ सापडतो.

नवे अक्षर आल्यावर युनिकोडने सांगितले की ‘अ’ अधिक चंद्र ही जोडी आता वापरू नये. पुढे अक्षरे जुळवून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरनेही हा नियम अमलात आणला. हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर हे काम फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड, लिबरऑफिस अशा अनेक ठिकाणी पडद्याआड करते. त्यात अशी जोडी आली की ‘अ’ आणि चंद्र यांच्यामध्ये ठिपक्यांचे वर्तुळ घातले जाते. काही सभासदांना जुन्या मजकुरात दिसणारे वर्तुळ ते हेच. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतही अशी वर्तुळे दिसतात.

यात चूक कोणाची? वर्तुळ घालणाऱ्यांचे कारण पोकळ नाही. दिसायला सारखे पण आतून वेगळे असे दोन शब्द चालू दिले तर फसवणुकीला वाव मिळतो. एखादा ठग बँकेच्या नावासारखेच दिसणारे नाव घेऊ शकतो. शिवाय लोकांना चूक दिसलीच नाही तर ते ती सुधारणार कशी? दुसऱ्या बाजूने पाहिले तर २००८ पूर्वी ज्याने ‘ॲ’ लिहिला त्याने कोणताही नियम मोडला नव्हता. त्या वेळी दुसरी सोयच नव्हती. त्याचा मजकूर आज ठिगळ लावल्यासारखा दिसतो आणि तो लिहिणारा माणूस कदाचित सुधारायला हयातही नसेल.

शेजारच्या भाषांचा अनुभव

हा त्रास आपल्या एकट्याचा नाही. सर्वांत गाजलेला वाद मल्याळमचा. त्या लिपीत ‘चिल्लू’ नावाची, स्वर नसलेल्या व्यंजनांची खास अक्षरे आहेत. ती आधी व्यंजन, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी लिहिली जात. केवळ त्या अदृश्य चिन्हामुळे अर्थ बदलणारे शब्द त्या भाषेत आहेत, म्हणून चिल्लूंना स्वतंत्र क्रमांक द्यावेत अशी मागणी झाली. स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग या मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींनी तिला कडाडून विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की एकाच अक्षराची दोन रूपे कायमची तयार होतील, जुना मजकूर आणि नवा मजकूर जुळणार नाही. २००८ च्या त्याच ५.१ आवृत्तीत सहा चिल्लूंना स्वतंत्र क्रमांक मिळाले. आज दोन्ही रूपांतला मजकूर अस्तित्वात आहे आणि मल्याळम सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला दोन्हींची दखल घ्यावी लागते. आपण भीती ज्याची म्हणतो ते घडले, आणि फायदा ज्याचा म्हणतो तोही झाला.

आपल्या शेजारच्या कानडीतही ‘र’चाच प्रश्न आहे. ‘रँक’, ‘रॅली’ असे शब्द कानडीत लिहिताना ‘र’ पूर्ण ठेवून त्याला ‘य’ जोडायचा असतो. त्यासाठी अदृश्य जोडचिन्ह लागते. ते गळाले की ‘र’चे रूप बदलून अर्कावत्तू होतो. दुकानाच्या पाटीवरून भाषेचे कितीही वाद होवोत, संगणकाच्या आत मराठीचा आणि कानडीचा ‘र’ एकाच दुखण्याने आजारी आहे.

‘हलवायचे नाही’ हा नियम कसा आला

यावर कोणी म्हणेल, युनिकोडने जुने सरळ काढून टाकून एकच रीत का ठेवली नाही? तसे एकदा करून पाहिले होते. १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोरियन अक्षरांचा गट जुन्या जागेवरून उचलून नव्या जागी नेला. जुन्या क्रमांकांत लिहिलेला कोरियन मजकूर त्यामुळे निरर्थक झाला. त्यानंतर युनिकोडने नियमच केला की एकदा दिलेला क्रमांक पुन्हा हलवायचा नाही, काढायचा नाही आणि अक्षराचे अधिकृत नावही बदलायचे नाही. हा नियम इतका काटेकोर आहे की एका चिन्हाच्या इंग्रजी नावात ‘ब्रॅकेट’चे स्पेलिंग चुकले आहे, तेही तसेच ठेवले आहे. शुद्ध नाव वेगळे टोपणनाव म्हणून जोडले आहे.

आपल्या शहराचे उदाहरण घ्या. १ नोव्हेंबर २०१४ पासून त्याचे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले. पण रेल्वेचा स्थानक-संकेत अजून ‘बीजीएम’ आहे आणि विमानतळाचा ‘आयएक्सजी’. नाव माणसांसाठी असते, ते बदलते, त्यावर मते असतात. संकेत यंत्रांसाठी असतो. तो बदलला तर जुनी तिकिटे, वेळापत्रके, नोंदी सगळ्यांची साखळी तुटते.

फॉन्टांच्या बाबतीतही मधली वाट निघाली. देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याचे नियम सुधारले तेव्हा जुने फॉन्ट मोडू नयेत म्हणून नव्या नियमांच्या फॉन्टांना वेगळा शिक्का दिला. हार्फबझसारखे सॉफ्टवेअर शिक्का पाहून जुन्या फॉन्टला जुना आणि नव्याला नवा नियम लावते. काम दुप्पट, पण जुना फॉन्ट वापरणाऱ्याला त्याची झळ नाही.

मग योग्य काय?

या उदाहरणांवरून आम्हाला तीन गोष्टी पटतात.

पहिली, मजकूर आणि साधन यांत फरक करायला हवा. साधन बदलू शकते. कळफलक, पडदा, प्रोग्रॅम नवे आले तर माणूस शिकतो. पण लिहून ठेवलेला मजकूर स्वतः शिकू शकत नाही. म्हणून मजकुराच्या बाबतीत जुन्याशी सुसंगतीचा आग्रह धरणारे बरोबर आहेत, असे आमचे मत आहे.

दुसरी, सुसंगती म्हणजे चूक कवटाळणे नव्हे. पायथॉन ३ आले नसते तर मराठी मजकूर आजही बाइटांत तुटत राहिला असता. बदल करावा, पण आण्यांसारखी दोन्ही चालण्याची मुदत द्यावी, रूपांतराचे साधन द्यावे आणि आधी सांगावे. पुष्कळ मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आवृत्तीच्या क्रमांकातच ही खूण असते : पहिला आकडा बदलला तर जुन्याशी फारकत झाली असे समजायचे, मधला बदलला तर नवी सोय आली, शेवटचा बदलला तर फक्त दुरुस्ती झाली.

तिसरी, आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : ज्यांचा मजकूर मोडतो ते चर्चेत हजर नसतील तर निर्णय त्यांच्याशिवाय होतो. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. दूर देशात बसलेल्या माणसाला ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांतला फरक ठाऊक असण्याचे कारण नाही. तो सांगणारा मराठी माणूसच लागतो.

आपण काय करावे

सभासदांसाठी आणि संस्थांसाठी काही साध्या सूचना :

१. जुन्या डीटीपी फायली टाकून देऊ नका. फाईल, ती ज्या फॉन्टमध्ये आहे त्याचे नाव आणि छापील प्रत या तीन गोष्टी एकत्र ठेवा. फॉन्टचे नाव माहीत असेल तर रूपांतर सोपे होते. छापील प्रत असेल तर ते तपासता येते.

२. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर केल्यावर मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे. आडवा ‘र’, रफार, ऱ्हस्व वेलांटी, ‘ॲ’ आणि जोडाक्षरे येथे हमखास घोटाळे होतात. माणसांची आडनावे आणि ‘येळ्ळूर’सारखी गावांची नावे पहिल्यांदा तपासा.

३. नवे लिहिताना आडव्या ‘र’साठी ‘ऱ’ आणि हलन्त ही रीत वापरा. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून ‘र’ची कळ दाबली की ‘ऱ’ मिळतो. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर वापरा, ‘अ’वर वेगळा चंद्र ठेवू नका.

४. जुन्या याद्यांत एखादे नाव सापडले नाही तर ते नाही असे समजू नका. दुसऱ्या रीतीने लिहून पुन्हा शोधा. अडले तर शब्दाचा आडव्या ‘र’च्या आधीचा तुकडा तेवढा शोधा.

५. मूळ युनिकोड फाईल जपा, तिच्यावरून केलेली पीडीएफ वेगळी ठेवा. पीडीएफ दिसायला टिकते, पण तिच्यातून मराठी मजकूर परत काढताना अक्षरे पुष्कळदा विस्कटतात.

६. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये मराठी बिघडलेली दिसली तर त्या प्रकल्पाकडे तक्रार नोंदवा. चुकलेला शब्द, तो कसा दिसायला हवा, कोणते सॉफ्टवेअर आणि कितवी आवृत्ती, एवढे दिले तरी पुरते. आपल्याकडे संगणकशास्त्र शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. घरातल्या आजोबांची अडचण त्यांनी योग्य जागी पोचवली तर ती जगभरच्या मराठी लिहिणाऱ्यांसाठी सुटते.

सीमाभागात मराठी टिकवण्याची गोष्ट आपण नेहमी शाळा, वाचनालये आणि संमेलने यांच्या संदर्भात बोलतो. त्यात आता फायलींची भर घालावी लागेल. कपाटातली स्मरणिका वाळवी खाते हे आपल्याला दिसते आणि आपण डांबरगोळ्या ठेवतो. संगणकातला मजकूर कुरतडला जातो तो दिसत नाही, कारण फाईल असते तिथेच असते. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टांतल्या फायली आहेत आणि त्या टाइप करणारी माणसे अजून भेटू शकतात, त्यांनी हे काम आताच हाती घ्यावे, एवढी विनंती.